भिंगरीच्या जाण्याची तालीम

आमच्या दादाला कुणाच्याही घरी न्या, तो बसायच्या आधी बाहेर पडायची दारं बघतो. यजमान पाणी आणायला आत वळले की हा उठणार, खिडकीची कडी सरकवून बघणार, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत जागेवर येऊन बसणार. वहिनीच्या घरी पहिल्यांदा गेला तेव्हा तिच्या वडिलांना त्याने आधी हेच विचारलं, "तुमचं मागचं दार आतून उघडतं की बाहेरून?" त्या भल्या माणसाला वाटलं, हा पळून जायची सोय बघतोय. वहिनी आत हसून हसून लोळत होती म्हणे. आता तिला विचारलं तर म्हणते, "वन्सं, तेव्हाच ओळखायला हवं होतं मी."

दादा रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. रंगाचा कारखाना म्हणजे पिंपात भरून ठेवलेली आगच. तिथे तो दर महिन्याला आगीची तालीम घेतो. गळ्यात शिट्टी असतेच, कधी ती वाजवेल याचा पत्ता तो कुणाला लागू देत नाही. पहिली शिट्टी झाली की हातातलं टाकायचं आणि चालत बाहेर यायचं, धावायचं नाही. फाटकाजवळ एक हिरवा खांब आहे, तिथे जमायचं. दादा डोकी मोजतो, मोजणी जुळली की दुसरी शिट्टी वाजवतो, आणि मगच तालीम संपते. दुसरी शिट्टी होईपर्यंत हसायचं नाही, विडी काढायची नाही, आणि कशासाठीही परत आत जायचं नाही. एकदा मालक स्वतः चष्मा आणायला आत वळले तर दादाने त्यांची बाही धरून ठेवली होती. कारखान्यात त्याला शिट्टीवाले साहेब म्हणतात. पाठीमागे नुसतंच शिट्टी म्हणतात, तेही त्याला ठाऊक आहे.

एवढं कारखान्यात केलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण जित्याची खोड. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीची तालीम होते. वहिनीचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिला टेबलावर आडवं झोपवून, वर दिवा धरून, भूल देण्यापासून शुद्धीवर येण्यापर्यंत सगळं करून झालं होतं. आमचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा दादाने ते गेल्यावर कुणी कुणाला फोन करायचा, दार कुणी उघडं ठेवायचं, कपाटाची किल्ली कुणाकडे, याची तालीम घेतली. वडील खाटेवरून चुका काढत होते. "माझ्या भावाला आधी नका कळवू, तो येऊन नुसता रडत बसेल, कामाला उपयोग नाही." आणि खरं सांगते, ते गेले त्या दिवशी आमच्यापैकी कुणाचाही हात थरथरला नाही. सगळं पाठ होतं. तेव्हापासून दादाला कोण अडवणार?

तो म्हणतो, "माणूस संकटाला भीत नाही. जे आधी केलेलं नसतं त्याला भितो." मी औषधाच्या दुकानात काउंटरला उभी असते, माणसं कशाकशाला भितात ते मला विचारा. पण मोठा भाऊ आहे, आणि राहते मी त्याच्याच घरात, म्हणून निम्मं गिळते. निम्मं बोलून टाकते.

भिंगरी ही दादाची एकुलती एक लेक. भिंगरी हे नाव मीच ठेवलं, कारण पाय जमिनीला टेकायचे नाहीत पोरीचे. जिना उतरायची ती असा की खालच्या खोलीतला दिवा हलायचा. शिकली, एका मालवाहतुकीच्या कंपनीत लागली, कुठला ट्रक कधी निघेल आणि कुठे अडकेल ते दिवसभर बघायची. मग तिच्या डोक्यात एमबीएचं आलं. कुठलं तरी नव्हे, एकच, लांबच्या शहरातलं, जिथे शेकड्यांनी अर्ज करावेत आणि बोटावर मोजण्याइतक्यांनी आत जावं असलं. दोन वर्षं रात्री जागून परीक्षा दिली, निबंध लिहिले, मुलाखत झाली. मुलाखतीहून आली तेव्हा गाल लाल झाले होते. "आत्या, होईल बहुतेक," एवढंच म्हणाली. आणि मग सुरू झालं वाट बघणं.

वाट बघणं हा आजार आहे, माझ्याकडे त्यावर गोळी नाही. पोर हातातला फोन सोडेना. ताटात घास, आणि डोळा फोनच्या काचेवर. फोन वाजला की दचकायची, नाही वाजला की उचलून बघायची बंद तर पडला नाही ना. झोप उडाली, नखं कुरतडून कुरतडून बोटांची सालं निघाली. त्यात लोक. दूधवाला विचारी, "ताई, लागला का निकाल?" समोरची शिंपीण मशीन थांबवून विचारी. घरात तर तिघं जण होतोच. वहिनी सकाळी विचारायची, मी दुपारी फोन करून विचारायची, आणि दादा तोंडाने विचारत नसे, पण दारात उभा राहून असा बघायचा की त्यापेक्षा विचारलेलं बरं. एक दिवस भिंगरीने हातातला पेला भिंतीवर फेकला आणि म्हणाली, "आलं की सांगेन. आलं की सांगेन. आलं की सांगेन." मग स्वतःच काचा वेचत बसली.

त्या रविवारी दादाने आम्हाला टेबलाशी बसवलं. मला वाटलं, आता शांतपणाने वागा म्हणून सांगेल. तो म्हणाला, "भिंगरी जाणार. तिच्या जाण्याची आपल्याला सवय नाही. निकाल येईपर्यंतचा वेळ हातात आहे, तालीम करून घेऊ."

"कसली तालीम?" वहिनीने विचारलं.

"ती इथे नाही, असं धरून राहायचं. घरात असली तरी नाही. तिने वर राहावं, कामावर जावं यावं, आपली आपण जेवावं. आपण तिला हाक मारायची नाही, तिच्याकडे बघायचं नाही, काही विचारायचं नाही. निकाल आला की मी दुसरी शिट्टी वाजवीन."

मी म्हटलं, "आणि नाही मिळाला प्रवेश तर? त्याची तालीम नको?"

दादाने माझ्याकडे बघितलं ते मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत. "तालीम वाईटाची करायची असते," म्हणाला.

हे वाक्य तेव्हा माझ्या कानावरून गेलं. पोरगी जाणं हेच त्याच्या लेखी सगळ्यांत वाईट होतं. नापास होऊन घरी राहिली तर ते त्याच्या हिशेबी संकटच नव्हतं.

मला वाटलं भिंगरी उसळेल. ती हसायला लागली. कितीतरी दिवसांनी हसली. "म्हणजे मला कुणी काही विचारणार नाही?" तिने खात्री करून घेतली. "कुणीच? आईसुद्धा?" दादाने मान हलवली. "मग वाजवा शिट्टी," ती म्हणाली. दादाने शिट्टी वाजवली आणि ती टाळ्या पिटत जिना चढून गेली.

सुरुवातीला मजा आली, खोटं कशाला बोलू. पोर भूत झाल्याच्या थाटात घरभर हिंडायची. मिठाची बरणी साखरेच्या जागी ठेवायची. मी पेपर वाचत असले की मागून येऊन पान उलटायची. दादा वर न बघता म्हणायचा, "तालमीत हसायचं नाही," आणि मी ओठ चावून गप्प बसायची. तिचीही तब्येत सुधारली. झोपू लागली, नखं वाढली. कुणी विचारत नव्हतं ना. समोरच्या शिंपिणीलासुद्धा दादाने जाऊन सांगितलं होतं, "मुलीला काही विचारू नका." शिंपीण म्हणाली, "बरं," आणि मशीन चालवू लागली. मी मनात म्हटलं, चला, दादाच्या खुळाने पोरीला उतार पडला, हेही नसे थोडके.

पण सवय ही गोष्ट मुंगीच्या पावलाने येते. एके दिवशी चौथी खुर्ची टेबलापासून उचलून भिंतीला लागली. का, तर पायात येते. मग तिच्यावर इस्त्रीचे कपडे आले. दाराजवळच्या तिच्या खुंटीला छत्री लागली. वहिनी रोज भाजी चिरताना भांडंभर चिरायची, तिचा हात आपोआप कमी चिरू लागला. भिंगरी आमच्या मागून जेवायला खाली यायची तेव्हा पातेल्यात खरवड असायची. ती पावाला लावून खायची, भांडं घासून ठेवायची आणि वर जायची. तक्रार नाही. मी दुकानातून येताना तिच्यासाठी उकडलेली अंडी आणून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवू लागले. आपण माणसासाठी ठेवतोय की आणखी कशासाठी, असा विचार एकदा मनात आला तेव्हा अंगावर काटा आला माझ्या.

आणि वहिनीची भाषा बदलली. "ती असताना मी तिखट बेताने घालायची." "तिला हा रंग आवडायचा." मी म्हटलं, "वहिनी, आवडायचा काय, आवडतो. वर बसलीय ती." वहिनी म्हणाली, "हो हो, वन्सं, तालीम आहे ना," आणि डोळे पुसले. खरं पाणी होतं डोळ्यांत.

एका संध्याकाळी तर कमाल झाली. वहिनी ओट्याशी उभी राहून रडत होती, मी कांदे सोलत होते. "काय करत असेल हो पोर?" ती म्हणाली. "जेवली असेल का?" भिंगरी तिच्या मागे दोन हातांवर नळाशी उभी होती, बाटलीत पाणी भरत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी बघत होते. भिंगरीने नळ बंद केला. आईच्या पाठीकडे बघत थोडी थांबली, मग पुढे होऊन तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनीचं अंग शहारलं. तिने पदर खांद्यावर ओढून घेतला, पुढे जाऊन खिडकी लावली आणि म्हणाली, "गारवा सुटलाय बाहेर." भिंगरीचा हात तसाच हवेत राहिला. मग ती बाटली घेऊन गेली.

मी त्याच पावली दादाकडे गेले. तो बुटांना पॉलिश करत होता. म्हटलं, "दादा, पुरे झालं. अति तिथे माती. दुसरी शिट्टी वाजव."

"निकाल आला?"

"निकाल गेला खड्ड्यात. तुझ्या बायकोला पोर दिसत नाहीये."

"म्हणजे तालीम चांगली चालली आहे," तो म्हणाला. पण ब्रश थांबला होता त्याचा. खालच्या आवाजात म्हणाला, "तू नको मध्ये पडू. मला एकदाच हे करायचंय. ती खरंच गेली त्या दिवशी मला कोसळायचं नाहीये." माणूस घाबरलेला होता. तीस वर्षं दुसऱ्यांना भिऊ नका म्हणून सांगणारा माणूस पोटच्या पोरीच्या जाण्याला भीत होता, आणि मला त्याची कीव आली. कीव आली की मी मूर्खपणा करते, म्हणजे गप्प बसते.

निकालाची तारीख आली. मी दुकानातून लवकर आले. भिंगरी जिन्याच्या वरच्या टोकाला बसली होती, फोन मांडीवर. मी नियम मोडून विचारलं, "काय झालं गं?"

"प्रतीक्षा यादी," ती म्हणाली. "हो नाही, नाही पण नाही. जागा रिकामी झाली तर कळवतील. कधी ते नाही सांगत."

मी खाली येऊन सांगितलं. वहिनीने कपाळाला हात लावला. दादा म्हणाला, "म्हणजे तालीम चालू."

त्यानंतर ती मस्करी करेनाशी झाली. आमच्या जिन्याची मधली एक पायरी करकरते, कुणाच्याही पायाखाली करकरते, मांजर गेलं तरी आवाज होतो. भिंगरी चढली तर आवाज होईना. मी मुद्दाम कान देऊन बसायची. दार लागलेलं कळायचं नाही, नळ सुटलेला कळायचा नाही, खोकला नाही, शिंक नाही. जी पोरगी उतरताना दिवा हलवायची, ती माझ्या शेजारून निघून गेली तरी पेपराचं पान हलत नव्हतं. कामावरून मात्र रोज वेळेवर येत होती, म्हणजे येत असावी. सकाळी पायरीवरची अंडी संपलेली असायची, त्यावरून मी ओळखायची.

एकदा मी कपडे वाळत घालत होते तर मागे येऊन उभी राहिली. मला कळलंच नाही, वळले तेव्हा हातातला चिमटा पडला. म्हणाली, "आत्या, मी दिसते ना?"

"दिसतेस," मी म्हटलं, "आणि केस विंचर जरा, झिपऱ्या झाल्यात." हसण्यावारी नेलं मी. ती पण हसली, पण दात न दाखवता. "मग ठीक आहे," म्हणाली. "ऑफिसात हजेरीचं मशीन आज बोट घेत नव्हतं. दोनदा लावलं." बोटांची सालं गेली होती तिची, मशीन कसं घेईल, असं मी स्वतःला समजावलं.

मग तो दिवस आला. सुट्टीची दुपार होती. वहिनी डुलक्या काढत होती, मी रेडिओ लावून बसले होते, दादा बागेच्या कात्रीला तेल देत होता. आधी रेडिओ बंद पडला. मग जिन्याखालून, जिथे विजेचा मीटर आहे, तिथून जळक्या रबराचा वास आला. मी उठून बघितलं तो फळी तडतडत होती आणि काळा धूर जिन्यावरून वर चढत होता.

दादाने शिट्टी वाजवली. ती शिट्टी वेगळी नव्हती, नेहमीचीच होती. मी रेडिओ ठेवला, वहिनीने चष्मा ठेवला, आणि आम्ही चालत बाहेर पडलो, धावलो नाही. रस्त्यापलीकडे शिंपिणीच्या दुकानासमोर दिव्याचा खांब आहे, तो आमच्या घराचा जमायचा खांब. वर्षानुवर्षं आम्ही तिथे उभं राहत आलोय, शेजाऱ्यांना आता हसूही येत नाही. दादाने फोन करून बंब बोलावला, पत्ता स्पष्ट सांगितला, मग आमच्याकडे वळून बोट दाखवून मोजलं. स्वतःला, वहिनीला, मला. "एक, दोन, तीन. सर्व हजर," तो म्हणाला. आणि मला कसं सांगू, बरं वाटलं. मोजणी जुळली की वाटतं तसं बरं. वहिनीने सुस्कारा सोडला.

बंब लवकर आला. त्यांचा मुख्य उतरला, वर बघून त्याने विचारलं, "आत कुणी आहे?"

"कुणी नाही," दादा म्हणाला. ठाम. ज्या आवाजात तो कारखान्यात सांगतो त्याच आवाजात. मुख्याने मान हलवली आणि माणसांना मीटरकडे पाठवलं, कारण शिट्टीवाल्या साहेबांना तो ओळखत होता, त्यांनी कुणी नाही म्हटलं म्हणजे नाही.

शिंपीण दारात येऊन उभी राहिली होती, गळ्यात टेप. ती म्हणाली, "अहो, पण ती खिडकीत कोण आहे?"

आम्ही वर बघितलं. वरच्या खोलीच्या बंद खिडकीत भिंगरी उभी होती. तिच्या मागे धूर छताला लागून जाड होत होता. ती काचेवर हात मारत नव्हती, ओरडत नव्हती. हातात फोन होता आणि ती शांतपणे खाली, आमच्याकडे बघत होती. खांबाखाली उभी असलेली आपली तीन माणसं बघत होती.

आणि आम्ही तिघं, एक क्षण, हो, एक सबंध क्षण, नुसते बघत राहिलो. ओळखीचं कुणीतरी दिसतंय पण नाव आठवत नाही, तसं झालं होतं. मग वहिनीच्या तोंडातून आवाज निघाला. तसा आवाज मी पुन्हा ऐकणार नाही.

दादा धावला. ज्याने मालकाची बाही धरली होती, ज्याने तीस वर्षं परत आत जायचं नाही, कशासाठीही नाही, असं घोकून घेतलं होतं, तो चपला टाकून रस्ता ओलांडून धावला. बंबाच्या एका माणसाने त्याला कमरेला धरलं, दादाने त्याला ढकललं आणि तो दारातून आत गेला. त्याच्या मागे बंबाची दोन माणसं गेली. वहिनी रस्त्यात खाली बसली. मी खांब धरून उभी होते आणि तोंडाने चार, चार, चार म्हणत होते. कुणाला सांगत होते कोण जाणे.

दादा तिला मनगटाला धरून घेऊन आला. दोघांची तोंडं काळी, दादाच्या भुवया जळलेल्या. तिला काही झालं नव्हतं, नुसती खोकत होती. खांबाशी आल्यावर त्याने गळ्यातली शिट्टी तोंडात धरली, पण फुंकायला त्याच्याजवळ श्वास नव्हता. नुसता वारा गेला शिट्टीतून. तेव्हा वहिनीने ती त्याच्या तोंडातून काढून घेतली आणि स्वतः वाजवली, लांब, शिंपिणीने कानांवर हात ठेवले एवढी. मग तिने भिंगरीला जवळ ओढलं आणि तिच्या काळ्या तोंडावरून हात फिरवत राहिली, आंधळं माणूस फिरवतं तसा.

संध्याकाळी आम्ही शिंपिणीकडेच होतो. घरात वीज नव्हती आणि वास भरला होता. भिंगरीला कापडाच्या ताग्यांवर बसवून मी तिला दूध दिलं आणि विचारलं. मला राहवेना. "शिट्टी ऐकली नाहीस?"

"ऐकली."

"मग बाहेर का नाही आलीस, बाई?"

ती पेल्यात बघत राहिली. "मला वाटलं ती तुमच्यासाठी आहे," म्हणाली. "मी इथे नसते ना, आत्या."

"आणि धूर? धूर दिसला नाही?"

"दिसला की. म्हणून तर फोन घेतला हातात." तिने माझ्याकडे बघितलं, सरळ, लहानपणी बघायची तशी. "म्हटलं घरी फोन करून सांगावं, आपल्या घराला आग लागलीय म्हणून. नंबर लावत होते. तेवढ्यात तुम्ही खाली दिसलात. म्हटलं, बरं झालं, सगळे बाहेर आहेत."

दादा पाठमोरा बसला होता. त्याने ते ऐकलं. त्याची पाठ हलायला लागली तेव्हा मी उठून दार लावून घेतलं, येणाजाणाऱ्यांनी बघू नये म्हणून.

घर महिन्याभरात राहण्याजोगं झालं. मीटर नवा, जिना नवा, करकरणारी पायरी गेली. दादाने कारखान्यातल्या तालमी हाताखालच्या माणसाकडे दिल्या. चौथी खुर्ची मी स्वतः उचलून टेबलाला लावली आणि इस्त्रीचे कपडे वहिनीच्या पलंगावर फेकले.

निकाल नंतर आला. जेवताना आला. भिंगरीने फोन बघितला आणि पालथा ठेवला. आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो, कारण आता बघायची मुभा होती.

"नाही म्हणाले," ती म्हणाली.

मी दादाकडे बघितलं. मला वाटलं होतं, आत कुठेतरी त्याला बरं वाटेल. पोर राहिली म्हणून. पण त्याचा चेहरा पडला तो पडलाच. हात पुढे करावा, काही बोलावं, तर काय बोलायचं ते त्याला येत नव्हतं. तिच्या जाण्याची तालीम आम्ही सगळ्यांनी केली होती. तिच्या राहण्याची कुणीच केली नव्हती. वहिनी उठली, बसली, पुन्हा उठली, मीठ आणलं, मीठ टेबलावर होतंच. शेवटी भिंगरीच म्हणाली, "बाबा, भाजी गार होतेय," आणि तिने त्याला वाढलं.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार म्हणते. करू दे. आम्ही विचारतो, चिक्कार विचारतो, ती चिडते, पेला आपटते, आणि मला ते आपटणं ऐकून बरं वाटतं. मी काचेचे काढून स्टीलचे पेले आणलेत.

एक गोष्ट मात्र नवीन झाली आहे. दादा जेवायला बसला की मोजतो. बोट दाखवत नाही आता, नुसता ओठांत म्हणतो. एक, दोन, तीन. मग थांबतो आणि भिंगरीच्या खुर्चीकडे बघतो. तिने म्हणायचं असतं, "हजर." म्हणते ती. पण लगेच नाही म्हणत. आठवावं लागतं तिला, तेवढा वेळ जातो. तेवढ्या वेळात वहिनीचा डाव पातेल्यात तसाच उभा असतो, आणि मी टेबलाखालून हात घालून पोरीचा गुडघा चाचपते. गरम असतो. मग ती म्हणते, "हजर," आणि आम्ही जेवतो.